प्रवाळाच्या एका तुकड्यात १४ अनुक्रम सापडले, म्हणजे १४ जातींची शैवालं आहेत का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जायला नको. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही कोकण किनाऱ्यावरून, परवानगी घेऊन, पोरायटीस प्रवाळाच्या एका वसाहतीचा छोटा तुकडा घेतलात. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवालं ओळखायला आयटीएस-२ या डीएनएच्या तुकड्याचं सिक्वेन्सिंग केलं (म्हणजे त्यातली अक्षरं वाचली), तेव्हा सुमारे २०,००० रीड्समध्ये, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांमध्ये, १४ वेगळे अनुक्रम मिळाले. त्यांतले १२ 'सी' या शैवाल-गटाचे आणि २ 'डी' गटाचे. 'डी'चे दोन्ही मिळून ०.४ टक्के. १६एस या जीवाणू ओळखण्याच्या जनुकाच्या निकालात ६० टक्के रीड्स 'सायनोबॅक्टेरिया' (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू) निघाले आणि ३ टक्के व्हिब्रिओ हे जीवाणू. आता तुम्ही विचारताय: एका वसाहतीत १४ जातींची शैवालं राहतात का, इतके सायनोबॅक्टेरिया कुठून आले, आणि 'डी' सापडलं म्हणजे हे प्रवाळ उष्णतेच्या लाटेत तगेल का.

थोडक्यात सांगायचं तर १४ अनुक्रमांमागे बहुधा एक, फार तर दोन प्रकारची शैवालं आहेत. ते 'सायनोबॅक्टेरिया' बहुतांशी जीवाणूच नाहीत. आणि ०.४ टक्के 'डी'वरून आज काहीच म्हणता येणार नाही. यातलं किती ठामपणे लिहायचं हे तुम्ही तुकडा कसा धुतला, हाडासकट कुटला की नुसत्या ऊती काढल्या, कोरी (नमुना न घातलेली) नळी सोबत चालवली होती का, आणि यंत्राच्या त्याच फेरीत (रनमध्ये) दुसऱ्या कोणाचे नमुने होते, यावर ठरेल. तुमच्या प्रश्नात यातलं काहीच नाही, म्हणून प्रत्येक शक्यता धरून लिहिते.

आयटीएस-२ पासून सुरुवात करू, कारण सगळा गोंधळ तिथलाच आहे. सिम्बिओडिनिएसी कुळातल्या शैवालांची नावं आता बदललीत. पूर्वीचे 'क्लेड', म्हणजे गट, २०१८ मध्ये वेगवेगळ्या प्रजाती (जीनस) म्हणून मांडले गेले: 'ए' म्हणजे सिम्बिओडिनियम, 'बी' ब्रेव्हिओलम, 'सी' क्लॅडोकोपियम, 'डी' ड्युरुस्डिनियम. प्रबंधात नवी नावं वापरा आणि जुनं अक्षर एकदाच सांगा. 'सी' हा काही एक जीव नाही. त्यात कितीतरी जाती आहेत, त्यामुळे 'सी मिळालं' एवढ्यावर थांबण्यात अर्थ नाही.

आयटीएस-२ हा रायबोसोमच्या जनुकांच्या मधला तुकडा आहे. ही जनुकं पेशीत एकेकटी नसतात. एकापाठोपाठ एक अशा शेकडो, काही ठिकाणी हजारो प्रती असतात. उत्क्रांतीत या प्रती एकमेकींसारख्या होत राहतात, पण पूर्णपणे कधीच होत नाहीत. म्हणून एकाच पेशीच्या जनुकसंचात एक-दोन प्रमुख रूपं आणि त्यांच्याभोवती थोड्या फरकाची पाच-दहा गौण रूपं सहज सापडतात. एका पेशीपासून वाढवलेल्या शुद्ध कल्चरमध्येही एकाहून जास्त आयटीएस-२ अनुक्रम मिळालेले आहेत. पडवीत १४ छत्र्या टांगलेल्या दिसल्या म्हणून घरात १४ माणसं राहतात असं कोणी म्हणत नाही, इथेही तसंच.

त्यात पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या अभिक्रियेच्या, चुका मिसळतात. ३५ चक्रं चालवली की दोन अनुक्रमांचे अर्धे-अर्धे भाग जुळून बनलेले संकर वाढतात, आणि ते अगदी खऱ्या गौण रूपांसारखे दिसतात. मी २६ ते ३० चक्रांवर थांबायला सांगते. जेलवरची डीएनएची पट्टी फिकी आली तरी चालेल. चक्रं वाढवण्याऐवजी तीन वेगळ्या नळ्यांत तीच अभिक्रिया करा आणि मग एकत्र करा. डीएनए १:१० पातळ करून पाहा, कारण प्रवाळाच्या चिकट स्रावातली बहुशर्करा पीसीआरला अडवते. पुष्कळदा पातळ केलेलाच नमुना जास्त चांगली पट्टी देतो.

मग खरी जात कशी ओळखायची? एका वसाहतीवरून ओळखता येत नाही, हे स्पष्ट लिहिलेलं बरं. कसोटी सहवासाची आहे. एकाच जनुकसंचातली रूपं वसाहतीमागून वसाहतीत एकत्र येतात, आणि साधारण त्याच प्रमाणात येतात. समजा सी१५ हे 'सी'चं एक प्रमुख रूप आणि त्याची तीन गौण रूपं प्रत्येक वसाहतीत जवळजवळ सारख्याच गुणोत्तरात दिसली, तर ती एकाच शैवालाची आहेत. एखादं रूप एका वसाहतीत ३० टक्के आणि शेजारच्या वसाहतीत शून्य असेल, तर ते दुसऱ्या शैवालाचं असण्याची शक्यता वाढते. सिमपोर्टल हे विश्लेषण-व्यासपीठ नेमक्या याच तत्त्वावर चालतं: नमुन्यांमध्ये एकत्र येणाऱ्या रूपांचा संच ओळखून त्याला एक 'प्रोफाइल' देतं. म्हणून एकच नमुना चढवून फायदा नाही. त्याच जातीच्या किमान ८-१० वसाहती हव्यात, आणि जमल्यास प्रत्येकीचे तीन तुकडे: माथ्याचा, बाजूचा, सावलीतला. कॅरिबियनमधल्या काही प्रवाळांत एकाच वसाहतीच्या उन्हाच्या आणि सावलीच्या भागांत वेगळी शैवालं असल्याचं १९९० च्या दशकातच दाखवलं गेलं आहे, तेव्हा तुकडा कुठून काढला हे नोंदलं नसेल तर तुलना फसते.

इथे आणखी एक बारकावा आहे. सिमपोर्टलमध्ये एखाद्या प्रजातीचे नमुन्यात किमान २०० अनुक्रम असल्याशिवाय तिचं प्रोफाइल काढलंच जात नाही. तुमचे 'डी'चे रीड्स २०,००० च्या ०.४ टक्के, म्हणजे ८० च्या आसपास. त्यामुळे ते कच्च्या यादीत दिसतील, प्रोफाइलमध्ये दिसणार नाहीत. काही तरी बिघडलं असं समजू नका; ती मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे.

खात्री हवी असेल तर दुसरी खूण वापरा. पीएसबीए या हरितलवकाच्या जनुकालगतचा, प्रथिन न बनवणारा भाग इथे फार उपयोगी पडतो. डायनोफ्लॅजेलेट शैवालांच्या हरितलवकाचा जनुकसंच एकसंध नसतो, छोट्या-छोट्या वर्तुळांत वाटलेला असतो, आणि या वर्तुळावरचा हा भाग झपाट्याने बदलतो. शिवाय एका शैवालात सहसा एकच प्रमुख अनुक्रम मिळतो. त्यामुळे साध्या सँगर सिक्वेन्सिंगमध्ये (ज्यात सगळ्या प्रतींचा मिळून एकच आलेख निघतो) आलेख स्वच्छ आला तर एकच प्रकार वरचढ आहे, आणि शिखरांवर शिखरं चढलेली दिसली तर मिश्रण आहे, हे डोळ्यांनीच कळतं. प्रजातीनुसार प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग पकडणारे छोटे तुकडे) वेगळे लागतात, ही एक कटकट आहे. पण तुमच्या खर्चात बसेल असा हाच उपाय आहे.

आता 'डी'चे ते दोन अनुक्रम. ते डी१ आणि डी४ असतील तर ती दोन शैवालं मानू नका. ड्युरुस्डिनियम ट्रेंची या एकाच जातीत ही दोन्ही रूपं सोबत असतात. पण त्याआधी ते तुमच्या तुकड्यातले आहेत का, हे पाहायला हवं. एकाच रनमध्ये कोणी 'डी'ने भरलेले नमुने चालवले असतील तर इंडेक्सची (नमुना ओळखायला जोडलेल्या डीएनए-खुणेची) अदलाबदल होऊन थोडे रीड्स तुमच्या खात्यात जमा होतात, आणि एक टक्क्याच्या आतले आकडे असे सहज तयार होतात. दोन्ही टोकांना अनन्य इंडेक्स वापरले असतील तर ही शंका बरीच कमी होते. सिक्वेन्सिंग करणाऱ्यांना विचारा, ते सांगतात. दुसरी शक्यता अशी, की शैवाल पृष्ठभागावरच्या गाळातलं किंवा पाण्यातलं आहे. यादीत एफ्रेनियम किंवा फ्युगॅशियम दिसत असेल तर ही शंका बळावते, कारण एफ्रेनियम हे सहजीवन न करणारं, मोकळं जगणारं शैवाल आहे. तुकडा ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेल्या समुद्रपाण्याने दोन-तीनदा खळबळून धुतला नसेल तर हे होणारच.

हे सगळं निस्तरून 'डी' खरंच ऊतींत आहे असं ठरलं, तरी 'प्रवाळ तगेल' हे वाक्य लिहिता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर अॅक्रोपोरा मिलेपोरा या प्रवाळात 'सी'ऐवजी 'डी' वरचढ झालं तेव्हा उष्णता सहन करण्याची मर्यादा १ ते १.५ अंश सेल्सिअसने वाढली, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून 'डी म्हणजे वाचलं' असं समीकरण पसरलं. पण तिथे 'डी' वरचढ होतं, पार्श्वभूमीला नव्हतं. त्याची किंमतही होती: त्याच भागात 'सी' असलेली कोवळी प्रवाळं 'डी' असलेल्यांच्या दोन-तीन पट वेगाने वाढली. 'डी' शैवाल तयार केलेल्या अन्नातला कमी वाटा यजमानाला, म्हणजे प्रवाळाला, देतं, असं त्यामागचं स्पष्टीकरण दिलं जातं. उलट, 'सी' म्हणजे नाजूक हेही खरं नाही. इराणच्या आखातात, जिथे उन्हाळ्यात पाणी ३४-३५ अंशांपर्यंत जातं, तिथल्या अनेक प्रवाळांत क्लॅडोकोपियम थर्मोफिलम हे 'सी' गटातलंच शैवाल राहतं.

शिवाय तुमचं प्रवाळ पोरायटीस आहे. बहुतेक प्रवाळांची पिल्लं शैवालाशिवाय जन्मतात आणि पाण्यातून ती उचलतात. अॅक्रोपोरा असंच करतं. पोरायटीस, मॉन्टिपोरा आणि पोसिलोपोरा मात्र अंड्यातूनच शैवाल पुढच्या पिढीला देतात. वारशाने आलेली ही जोडी सहसा घट्ट असते. इंडो-पॅसिफिकमधल्या पोरायटीसमध्ये सी१५ आणि त्याची भावंडं पुन्हा पुन्हा सापडतात ती त्यामुळेच. म्हणून अॅक्रोपोरात दिसलेली शैवालांची अदलाबदल पोरायटीसमध्ये गृहीत धरू नका.

यजमानाच्या जनुकांचा वाटाही विसरू नका. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या अॅक्रोपोरा मिलेपोराच्या दोनशेहून अधिक वसाहतींचे जनुकसंच तपासून २०२० मध्ये जे प्रसिद्ध झालं, त्यात विरंजनाचा (उष्णतेने शैवालं गमावून पांढरं पडण्याचा) प्रतिकार एखाद्या ठळक जनुकावर अवलंबून नसून अनेक जनुकांच्या छोट्या-छोट्या परिणामांतून घडतो, असं दिसलं. त्याच वर्षी क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने याच जातीच्या अळ्यांमधलं एचएसएफ१ हे उष्णता-प्रतिसादाचं जनुक निकामी केलं, तेव्हा त्या ३४ अंशांना मरू लागल्या आणि ज्यांचं जनुक शाबूत होतं त्या तगल्या. या अळ्यांत शैवाल नसतंच, म्हणजे शैवालाशिवायही नुसत्या यजमानाच्या जनुकाने निकाल बदलतो.

'अमुक जनुक नाही, म्हणून प्रवाळ शैवालावर अवलंबून' अशी वाक्यंही जपून लिहा. अॅक्रोपोरा डिजिटिफेराचा जनुकसंच २०११ मध्ये आला. सिस्टीन बनवायला लागणारं सिस्टाथायोनिन बीटा-सिंथेज हे जनुक त्यात सापडलं नाही, आणि अॅक्रोपोरा सिस्टीनसाठी सहजीवीवर विसंबून आहे असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. मग २०२२ मध्ये अॅक्रोपोरा लोरिपेसमध्ये सिस्टीन बनवण्याचा दुसराच मार्ग सापडला.

आता १६एस. सिल्व्हा या जीवाणूंच्या वर्गीकरणाच्या माहितीसाठ्यात हरितलवक सायनोबॅक्टेरियाच्या खाली टाकलेलं असतं आणि तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) रिकेट्सिएल्स या जीवाणू-गणाच्या खाली. दोन्हींचे पूर्वज जीवाणू, म्हणून त्यांची जागा तिथे. तुम्ही फक्त 'बॅक्टेरिया नसलेलं काढा' एवढी एकच गाळणी लावली असेल तर दोन्ही आत राहतात, आणि संघ पातळीच्या स्तंभालेखात हरितलवक 'सायनोबॅक्टेरिया' म्हणून मिरवतं. गण पातळीवर 'क्लोरोप्लास्ट' आणि कुळ पातळीवर 'मायटोकॉन्ड्रिया' असं नाव शोधून दोन्ही वगळा. एवढ्याने काम संपत नाही. प्रवाळाच्या स्वतःच्या तंतुकणिकेतलं १२एस जनुक या प्रायमरना चिकटतं, आणि ते अनुक्रम पुष्कळदा 'अज्ञात जीवाणू' म्हणून यादीत बसतात. संघापर्यंतही नाव न लागलेले, पण रीड्सने भरलेले अनुक्रम एकेक करून ब्लास्टमध्ये (माहीत असलेल्या अनुक्रमांशी जुळवून पाहणाऱ्या साधनात) टाका. प्रवाळाशी जुळले की काढा.

हाडासकट तुकडा कुटला असेल तर ऑस्ट्रिओबियम हे सांगाड्यात राहणारं हिरवं शैवालही आत येतं आणि त्याचं हरितलवक आकडा फुगवतं. हाडाखालचा हिरवा पट्टा पाहिला असेलच. फक्त ऊती हव्या असतील तर एअरब्रशने, गाळलेलं समुद्रपाणी वापरून, निर्जंतुक पिशवीत ऊती उडवून घ्या. पुढच्या वेळी ७८४एफ-१०६१आर ही प्रायमरची जोडी विचारात घ्या. प्रवाळांवर ती बरीच वापरली जाते. मात्र वेगवेगळ्या प्रायमरनी काढलेले निकाल एकाच आलेखात मांडू नका.

व्हिब्रिओ ३ टक्के पाहून 'रोग' हा शब्द लिहू नका. निरोगी प्रवाळाच्या स्रावातही व्हिब्रिओ असतात. व्हिब्रिओ कोरलिलिटिकस पोसिलोपोराला रोग करतो, पण त्याचा उपद्रव तापमानावर ठरतो आणि २७ अंशांच्या वर वाढतो. १६एसचा छोटा तुकडा व्हिब्रिओंच्या जवळच्या जाती वेगळ्या करू शकत नाही. शिवाय व्हिब्रिओच्या एका पेशीत १६एसच्या आठ-दहा किंवा त्याहून जास्त प्रती असतात, अनेक समुद्री जीवाणूंमध्ये एक-दोनच, म्हणजे ३ टक्के रीड्समागे ३ टक्के पेशी नाहीत. एन्डोझॉइकोमोनास या जीवाणूंबद्दल उलटी चूक होते. ते प्रवाळाच्या ऊतींत पुंजके करून राहतात, काही प्रकार डीएमएसपी या गंधकयुक्त संयुगाचं विघटन करतात, आणि अनेक निरोगी प्रवाळांत भरपूर असतात. म्हणून त्यांचं प्रमाण हाच 'आरोग्याचा निर्देशांक' मानायची घाई होते. काही निरोगी प्रवाळांत ते जवळपास नसतातच.

पुन्हा नमुने घेणार असाल तर हे करा. तुकडा अर्धा ते एक चौरस सेंटिमीटर पुरतो. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, तेव्हा परवानगीच्या पत्रात जितके तुकडे लिहिलेत त्यापेक्षा एकही जास्त नको. धुऊन लगेच दोन नळ्यांत विभागा: एक आयटीएस-२ साठी डीएमएसओच्या मिठाच्या द्रावणात (२० टक्के डीएमएसओ, ०.२५ मोलर ईडीटीए, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत, पीएच ८), दुसरी जीवाणूंसाठी द्रव नायट्रोजनमध्ये. होडीवर नायट्रोजन नेणं शक्य नसेल तर सगळे नमुने एकाच परिरक्षकात ठेवा. अर्धे अल्कोहोलमध्ये आणि अर्धे बर्फावर असं केलं की नंतर दिसलेला फरक प्रवाळाचा की बाटलीचा हे सांगता येत नाही. त्याच जागेचं एक लिटर पाणी ०.२२ मायक्रॉन गाळणीवर गाळून ती गाळणी ठेवा, आणि चिमूटभर गाळ.

डीएनए काढताना शैवालाची पेशीभित्तिका हा खरा अडथळा असतो. नुसतं एन्झाइम आणि उष्णता दिली तर यजमानाच्या पेशी फुटतात, शैवालाच्या बऱ्याच तशाच राहतात, आणि मग 'शैवाल कमी झालं' असा खोटा निकाल निघतो. ०.५ मिलिमीटरचे काचमणी घालून ३० सेकंदांचे दोन-तीन झटके द्या, मध्ये बर्फावर ठेवा. नंतर एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: गोल, तपकिरी, अखंड पेशी अजून दिसत असतील तर आणखी एक झटका. प्रत्येक बॅचसोबत नमुना न घातलेली एक नळी शेवटपर्यंत चालवा आणि तिचंही सिक्वेन्सिंग करा, पट्टी दिसली नाही तरी. राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम, क्युटिबॅक्टेरियम अशी नावं त्यात आली तर ती किटमधली किंवा हातावरची आहेत, समुद्रातली नाहीत. डिकॉन्टॅम हा संगणक-प्रोग्राम वापरून ती वजा करा.

हातात असलेल्या माहितीवर आता एवढं लिहिता येईल: एका पोरायटीस वसाहतीत क्लॅडोकोपियम वरचढ, आयटीएस-२ ची १२ रूपं बहुधा एकाच जनुकसंचातली, ड्युरुस्डिनियमचे अनुक्रम शोधमर्यादेजवळ आणि पुष्टी न झालेले. ती पुष्टी क्यूपीसीआरने (प्रती मोजणाऱ्या पीसीआरने) होते. जुन्या डीएनएमधला थोडा भाग शिल्लक असेल तर 'डी'साठीचे खास प्रायमर घेऊन, कोरी नळी सोबत ठेवून, तीनदा चालवा. तिन्ही वेळा आलं आणि कोरी नळी कोरी राहिली, तर 'पार्श्वभूमीला ड्युरुस्डिनियम आहे' असं लिहा. शैवालाची एकूण घनता सांगायची असेल तर रीड्सवरून काढू नका; न्यूबाउर पट्टीवर (पेशी मोजण्याच्या आखलेल्या काचेवर) पेशी मोजा आणि तुकड्याच्या पृष्ठफळाने भागा. निरोगी प्रवाळात चौरस सेंटिमीटरला दहा लाख किंवा त्याहून जास्त पेशी असणं नेहमीचं आहे.